डोंगर आडवे, रूळ उभे

नमस्कार, श्रोतेहो.

कोकण रेल्वेने पहिल्यांदाच निघालेले प्रवासी रोहा मागे पडले की उजव्या हाताच्या खिडकीला डोळे लावून बसतात, आणि रत्नागिरी आली तरी समुद्र दिसला नाही म्हणून हिरमुसतात. हा हिरमोड मी डब्यात अनेकदा पाहिला आहे, आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः त्या प्रवाशांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या टप्प्यात या मार्गावरून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली भूमी, आणि ती कशी घडलेली आहे हे एकदा ध्यानात आले की खिडकीबाहेरचे प्रत्येक दृश्य अर्थपूर्ण होते.

सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण उभी आहे, हे आपण शाळेत शिकतो. परंतु या रांगेला पश्चिमेकडे अनेक फाटे फुटतात आणि ते थेट किनाऱ्याच्या दिशेने उतरत जातात, हे नकाशावर सहसा लक्षात येत नाही. अशा दोन फाट्यांच्या मधल्या खोऱ्यातून एकेक नदी वाहते. कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री अशी ही नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे येत राहतात. कोकणपट्टीची रुंदी साधारण 50 किलोमीटर असल्यामुळे या नद्यांची धाव आखूड असते आणि भरतीचे पाणी त्यांच्या पात्रात खूप आतपर्यंत चढते. म्हणूनच महाड, चिपळूण, राजापूर ही गावे किनाऱ्यापासून दूर असूनही एके काळी बंदरे होती. गलबतांनी खाडीतून वर यायचे, माल उतरवायचा आणि तो बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्यावर न्यायचा, असा पूर्वीच्या व्यापाराचा रस्ता जमिनीच्या ठेवणीला धरून पूर्व-पश्चिम असे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे तर मात्र प्रत्येक डोंगर ओलांडावा लागे आणि प्रत्येक नदीवर होडी गाठावी लागे.

रेल्वेने नेमकी हीच अवघड दिशा धरली. रोह्यापासून मंगळूरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरच्या या मार्गावर 90 हून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे 2000 पूल आहेत. सगळ्या बोगद्यांची लांबी एकत्र केली तर ती 84 किलोमीटर भरते. इतके बोगदे का, याचे उत्तर चढात आहे. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटात 37 मीटर अंतराला 1 मीटर असा तीव्र चढ आहे आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. कोकण रेल्वेच्या आखणीत मात्र 150 मीटर अंतराला 1 मीटरपेक्षा अधिक चढ ठेवायचा नाही आणि वळणे मोठ्या त्रिज्येची घ्यायची, असे ठरवले होते. डोंगरावर चढायचे नाही आणि त्याला वळसाही घालायचा नाही, म्हटल्यावर तो पोखरण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही.

म्हणून या प्रवासात मी कधीकधी मुद्दाम डोळे मिटून घेतो. बोगद्यात आवाज दाटतो, पुलावर तो पोकळ होतो आणि भातखाचरांच्या सपाटीवर तो मोकळा होऊन विरतो. दाट, मोकळा, पोकळ, पुन्हा मोकळा, पुन्हा दाट, या क्रमाने डोंगराचा फाटा, त्याच्या उतारावरची शेते, नदी, पलीकडची शेते आणि पुढचा फाटा हे सारे कानांना कळत जाते. उक्षी सोडल्यावर लागणारा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. या मार्गावरचा तो सर्वांत मोठा बोगदा, आणि त्यात शिरल्यावर डब्यातल्या गप्पाही हळूहळू थांबतात. त्याच्या अलीकडे उक्षी स्थानकाजवळ रानपाटचा धबधबा पावसाळ्यात रुळांच्या अगदी शेजारी कोसळत असतो. रत्नागिरीच्या पुढे निवसरकडे जाताना पानवल नदीवरचा पूल येतो. त्याची उंची 64 मीटर आहे, आणि त्यावरून खाली पाहताना माडांचे शेंडे दुर्वांच्या जुडीएवढे दिसतात.

या मार्गाची मागणी फार जुनी होती. राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेलेले बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी ती सातत्याने लावून धरली. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. कठीण काळा कातळ फोडणे तुलनेने सोपे गेले. खरा छळ मऊ मातीने केला. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात खणावे तितके पुन्हा ढासळत राहिले, त्यात मजुरांचे प्राणही गेले. त्या बोगद्यातून जाताना मी त्यांची आठवण ठेवतो.

पावसाळ्यात हा मार्ग सर्वांत देखणा असतो आणि सर्वांत अवघडही. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि जून 2004 मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडींमुळे मोठे अपघात घडले. पावसाळ्यापुरते वेगळे वेळापत्रक असते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे, सावित्री आणि वाशिष्ठी यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे, आणि एवढे असूनही रात्रंदिवस पायी गस्त घालणारी माणसे लागतातच. एकदा आषाढातल्या पहाटे आमची गाडी समोरून येणाऱ्या गाडीसाठी एका लहान स्थानकात थांबली होती. इरले घेतलेला एक गस्तवाला हातातल्या बॅटरीचा झोत कापलेल्या जांभ्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत फिरवत, मध्येच थांबून पाझर निरखत, सावकाश पुढे गेला. तेव्हापासून पावसाळ्यात गाडी उशिरा पोहोचली तर मला तक्रार करावीशी वाटत नाही.

आपण जाणार असाल तर दिवसाची गाडी निवडावी, म्हणजे सकाळी मुंबईहून सुटणारी मांडवी एक्स्प्रेस किंवा दिव्याहून सावंतवाडीला जाणारी गाडी. श्रावण-भाद्रपदात जावे, कारण तेव्हा भात उभे असते आणि सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवर, रानफुले येतात. आणि दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी धरावी. ढग थोडेसे जरी वर सरकले, तरी सह्याद्रीची ती उभी भिंत मैलोगणती आपल्याबरोबर चालत असलेली दिसेल.

नमस्कार.