आधी पळवाटा, मग वाट

नमस्कार, श्रोतेहो.

डोंगरातली लांब पल्ल्याची वाट म्हटली की पाट्या, रंगाच्या खुणा आणि ठरलेले मुक्काम डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल तशीच. बेंटन मकाय यांनी तिची कल्पना मांडली १९२१ मध्ये आणि वाट सलग जोडली गेली १९३७ मध्ये. सोळा वर्षं कितीतरी माणसं तिथे झुडपं छाटत होती, खुणा करत होती. आपली वाट आपणच आखायला बसतो, तेव्हा ही सोळा वर्षं आपल्या गाठीशी नसतात. नकाशा असतो आणि चार-सहा रात्री.

नकाशा उघडला की हात शिवशिवतात. इथून तिथपर्यंत रेघ ओढावीशी वाटते. मीही तेच करायचो. आता रेघ सगळ्यांत शेवटी. आधी निळी पेन्सिल घेऊन पाणी: झरे, तळी, बारमाही ओढे. डोंगर चुनखडीचा असेल तर इथे जास्त वेळ द्या, कारण तिथे पावसाचं पाणी भेगांतून खाली निघून जातं आणि वरची धार कोरडीठाक राहते. एक लिटर पाणी म्हणजे पाठीवर एक किलो, हे गणित तुम्हाला मी सांगायला नको. पाण्यानंतर खिंडी. रांग ओलांडायची तर दारं तेवढीच.

आणि मग लाल पेन्सिल. तिने मी पळवाटा काढतो. हा शब्द आपण एरवी नावं ठेवायलाच वापरतो, पण डोंगरात पळवाटेइतकी अब्रूदार गोष्ट नाही. या मुक्कामावरून खाली रस्त्यापर्यंत कुठून उतरता येईल, किती तासांत, आणि पाय मुरगळलेला असताना उतरता येईल का? उत्तर सापडलं नाही तर तो मुक्काम मी बदलतो, जागा कितीही देखणी असली तरी.

वेळेचा हिशोब स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्येच करून ठेवला आहे. त्यांच्या नियमाचं आजचं रूप असं: तासाला ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे १५ किलोमीटर चाल आणि १,२०० मीटर चढ असेल तर पाच तास. पण हे झाले धडधाकट माणसाचे, न थांबता चाललेले तास. पाठीवर आठवड्याचं ओझं आणि पायाखाली घसारा असेल तर मी सरळ दीडपट धरतो. उताराला तर या नियमात वेळच नाही. गुडघ्यांना विचारा, ते वेगळं सांगतील.

नकाशाने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं. १:५०,००० चा नकाशा होता, समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचं २० मीटर अंतर. रेषा विरळ दिसल्या, म्हणून मी एका सोंडेवरून बिनधास्त उतरण आखली. दुपारी चारला तिथे पोचलो, तर पुढे सरळसोट कडा. असेल पंधराएक मीटरचा. दोन रेषांच्या मधे तो अख्खा मावला होता, त्यामुळे नकाशाला खोटं म्हणायचीही सोय नव्हती. खाली गवताळ पठार, पठारावर पाणी, माझा मुक्काम! ‘एवढंच तर आहे, सॅक खाली टाकू आणि उतरू,’ असं मन म्हणतंच. लाल पेन्सिलीची वाट दोन तास मागे होती. शिव्या घालत मागे फिरलो आणि शेवटचा उतार बॅटरीच्या उजेडात उतरलो.

फोनवर दुसऱ्या कुणाच्या चालीची फाइल मिळाली तर घ्या जरूर, पण तो माणूस कुठल्या महिन्यात गेला होता ते आधी बघा. उत्तर गोलार्धात खिंडीच्या उत्तर अंगाला बर्फ उशिरापर्यंत टिकतो. हिमनदीतून येणारा ओढा सकाळी घोट्याइतका असतो आणि ऊन तापलं की फुगतो. म्हणून तो ओलांडायचा टप्पा सकाळीच ठेवा, त्यासाठी आदला मुक्काम ओढ्याजवळ घ्यावा लागला तरी.

सगळं आखून झालं की एक प्रत घरच्या माणसाकडे द्या. तीत मुक्काम हवेत, पळवाटा हव्यात, आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा तेही. पळवाटेने उतरलात तर खाली पोचताच पहिला निरोप या माणसाला. नाहीतर तुम्ही गरम पाण्याने अंग शेकत बसाल आणि तुम्हाला शोधायला निघालेली माणसं रात्रभर त्या धारेवर हाका मारत फिरतील.

नमस्कार.