धुमाकूळ नावाचा प्राणी
(मुलुंडच्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘बिबट्या वस्तीत का येतो?’ त्याकडे येतोच. पण आधी एक कबुली. तीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर मथळे दिले. कुठल्या, ते विचारू नका. अजून तिथल्या लोकांकडे लग्नकार्याला जावं लागतं. त्या काळात बिबट्याला जे शब्द चिकटवले, त्यांचं हे प्रायश्चित्त समजा.

आमच्या मथळ्यात बिबट्या कधी येत नाही, ‘शिरतो’. नुसता दिसला तरी ‘मुक्त संचार’, जसं काही बाकीच्यांनी फिरायला पास काढलेत. आणि शेवटी ‘जेरबंद’. जेरबंद म्हणजे मुळात काय, सांगेल कुणी? घोड्यानं मान उडवू नये म्हणून बांधायचा पट्टा! तो आम्ही बिबट्याला बांधला. (बिबट्या की बिबळ्या, हा वाद आज नको. मागे एका गावी त्यातच पाऊण तास गेला.)

आता आमच्या सोसायटीचं सांगतो. संजय गांधी नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहिलं होतं आणि त्या कुशीचे आम्ही चौरस फुटामागे जादा पैसे मोजले. तर एका पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी निसर्ग सीसीटीव्हीत दिसला. बावीस सेकंद. पडक्या भिंतीवरून उतरला, कचऱ्याच्या डब्यांपर्यंत गेला, एका स्कूटरच्या सीटचा वास घेतला आणि आला तसा गेला. फुटेजमध्ये वॉचमनही आहे. झोपलेला.

सकाळी आठपर्यंत व्हॉट्सॲपवर एकाचे तीन झाले. मादी आणि दोन पिल्लं. दुपारी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी डरकाळी ऐकली. मी म्हटलं, काकू, बिबट्याचा आवाज लाकूड करवतल्यासारखा असतो. म्हणाल्या, ‘अहो, अगदी तस्साच!’ तिसऱ्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं.

रविवारी तातडीची जनरल बॉडी. कोरम पहिल्यांदाच भरला. ठराव एकच, पिंजरा लावा. मी उठून म्हटलं, आधी डब्यांना झाकणं बसवू. उष्ट्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे तो येतो. सेक्रेटरी म्हणाले, ‘साहेब, झाकणं अजेंड्यावर नाहीत.’

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: ‘सोसायटीत बिबट्याचा धुमाकूळ, रहिवासी दहशतीत’. मथळा देणारा मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. फोन केला. म्हणाला, ‘सर, बिबट्या आला आणि गेला, असा मथळा तुम्ही लावला असता?’ मी फोन ठेवला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे विषय आता सुरू करायला हवा.

नॅशनल पार्क सुमारे १०४ चौरस किलोमीटर. २०१८च्या पाहणीत तिथे आणि लगतच्या भागात ४७ बिबटे मोजले गेले. पोट भरायला चितळ, सांबर आहेतच, पण पार्काच्या कडेला कुत्री आयती मिळतात. त्याच वर्षीच्या एका अभ्यासाचा अंदाज असा की हे बिबटे वर्षाला दीडेक हजार कुत्री खातात, त्यामुळे रेबीजचा धोकाही घटतो.

मग पकडून लांब सोडलं तर? जुन्नरकडे ते करून झालंय. पकडलेले बिबटे नव्या मुलखात सोडले आणि तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. एकाला काढलं की त्याची जागा दुसरा घेतो आणि काढलेला परतायला बघतो. २००९ साली नगरकडच्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ बिबट्या आठवतो? माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, तर शंभरावर किलोमीटर चालून इथे आपल्या पार्कात आला. वाटेत कुणाला धक्का लावला नाही. एकही मथळा नाही!

माझं म्हणणं एवढंच की धुमाकूळ छापला की गर्दी होते आणि गर्दी झाली की पिंजऱ्याचा दबाव येतो. गर्दी काय करते ते पुण्यात कोथरूडला दिसलं. डिसेंबर २०२०, गवा सोसायटीत आला. मागे माणसं, मोबाईल, आरडाओरडा. पळून पळून, कुठे कुठे धडकून तो त्याच दिवशी मेला. पंधरवड्यात बावधनकडे दुसरा गवा आला. तिथे लोकांना लांब ठेवलं, तो आपल्या पायांनी जंगलात परतला. आरेच्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारसेला त्याची पूजा होते, त्यावर बोलायचं होतं, राहिलं. रात्री बिबट्या समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, त्याला वाट द्या. लहान मुलांना एकटं सोडू नका.

दुसरी चिठ्ठी. नाही, हा प्रश्न आहे: ‘झाकणं बसली का?’

बसली. पुढच्या जनरल बॉडीत एकमतानं. उंदरांनी सेक्रेटरींच्या गाडीची वायर कुरतडली होती.