तांबी आणि तिचा दोरा

नमस्कार मैत्रिणींनो. घरातली पुरुषमंडळी आवाज कमी करायला उठली असतील, तर त्यांनाही बसवा जरा.

तांबीचा, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवायच्या साधनाचा विषय काढला की समोरची बाई हळूच विचारते, "ती वर सरकून काळजापर्यंत जाते म्हणे?" गर्भपिशवीतून काळजाकडे जायला वाटच नाही हो! मात्र हजारात एखाद-दोघींच्या बाबतीत ती पिशवीच्या भिंतीतून आरपार जाते, बहुधा बसवतानाच. म्हणून ती सरावलेल्या हातांनीच बसवून घ्यायची.

तांबी म्हणजे साडेतीन सेंटिमीटरची, इंग्रजी टी अक्षरासारखी प्लास्टिकची काडी, तिच्यावर तांब्याची तार. त्या तांब्यामुळे शुक्रजंतू लुळे पडतात. 'टी ३८० ए' ही तांबी १० वर्षं चालते, वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. आणि मूल हवंसं वाटलं, की काढून टाकायची. पाळी मात्र पहिले तीन ते सहा महिने जास्त जाते, पोटातही दुखतं. आधीच अंगावरून खूप जात असेल, तर हार्मोनवाली बसवा. तिने पाळी उलट कमी होते.

आता तांबीच्या खालच्या टोकाला असलेल्या, पिशवीच्या तोंडातून खाली येणाऱ्या दोऱ्याबद्दल. तांबीची धास्ती बसली त्यात एका जुन्या साधनाचा मोठा वाटा आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत 'डाल्कन शील्ड' नावाचं, गर्भपिशवीतच बसवायचं साधन निघालं. त्याचा दोरा अनेक धाग्यांचा होता. वातीतून तेल चढावं तसे त्यातून जंतू वर चढले. बायकांना भयंकर त्रास झाला आणि १९७४ मध्ये तिथली विक्री थांबली. आजचा दोरा एकपदरी असतो. जंतुसंसर्गाचा धोका मुख्यतः बसवल्यानंतरचे पहिले तीन आठवडे, तोही आधीपासून संसर्ग असला तर जास्त. गुप्तरोगांपासून तांबी वाचवत नाही, त्यासाठी निरोधच.

शंभरात पाचेक जणींची तांबी आपोआप पडते, कधी पाळीत कळतही नाही. म्हणून पाळी संपली की हात स्वच्छ धुवा, उकिडवं बसा, बोट आत घालून दोरा चाचपा. ओढू नका! दोरा लागला नाही किंवा तांबीचं कडक टोक लागलं, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत निरोध वापरा. आणि पाळी चुकली, तर "मला तांबी आहे" म्हणून थांबू नका. अशा वेळी दिवस गेले असतील, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत असण्याची शक्यता जास्त असते. त्याच दिवशी तपासणी करून घ्या.