डेक जोडीनं घ्यावा लागतो

नमस्कार श्रोतेहो. डीजे म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो मिरवणुकीतला ट्रक आणि त्यावर रचलेली स्पीकरची भिंत. आजचं बोलणं त्या भिंतीबद्दल नाही. घरी, खोलीचं दार लावून, एका रेकॉर्डमधून दुसरीत अलगद शिरायचा नाद ज्यांना लागलाय, त्यांच्यासाठी आहे. अशांचा पहिला प्रश्न ठरलेला: मधल्या किमतीचा डेक, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारा टर्नटेबल घ्यावा, की एकदाच काय तो टेक्निक्स या नावाजलेल्या, महागड्या ब्रँडचा घेऊन मोकळं व्हावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरासाठी मधला घ्या. मात्र पारखून घ्या, कारण या मधल्या फळीत चांगला आणि टाकाऊ माल शेजारीशेजारी उभा असतो आणि दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत.

टेक्निक्सचा दबदबा उगाच नाही. जपानच्या मात्सुशिता, म्हणजे आजच्या पॅनासॉनिक कंपनीनं 1972 साली एसएल-1200 बाजारात आणला, तो घरी बसून संगीत ऐकणाऱ्या हौशी मंडळींसाठी. त्यात मोटर आणि प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, यांच्यामध्ये रबरी पट्टा नव्हता. मोटरच्या दांड्यावर थेट प्लॅटर. म्हणजेच डायरेक्ट ड्राइव्ह. पट्ट्याच्या डेकवर रेकॉर्ड हातानं मागे ओढली की पट्टा घसरतो, आणि सोडल्यावर गाणं वेग पकडेपर्यंत रेंगाळतं. इथे तसं होत नाही, हे डीजेंनी हेरलं आणि घरातला डेक क्लबात गेला. मग 1979 मध्ये कंपनीनं डीजेंच्या सोयीचा, त्याच डेकचा एमके2 हा नवा अवतार काढला, वेग कमीजास्त करायला लांब सरकपट्टी असलेला. पुढची तीसेक वर्षं जगभरच्या क्लबात तोच. 2010 मध्ये उत्पादन थांबलं, 2016 मध्ये नव्या रूपात परत आलं, आणि 2019 मध्ये डीजेंसाठी एमके7 आला.

आता बघा, महागड्या डेकची किंमत कशाची असते? बरीचशी क्लबातल्या हालअपेष्टांची. तिथे डेकवर दारू सांडते, धूर बसतो, रोज वेगळा माणूस वेगळ्या ताकदीनं ओढाताण करतो. ते वर्षानुवर्षं सोसायचं तर बांधणी तशी लागते. घरी फार तर चहा सांडेल. शिवाय डेक एक घेऊन भागत नाही, जोडी लागते. दुकानात जो फरक 'एवढाच तर आहे' वाटतो, तो घरी येईपर्यंत दुप्पट झालेला असतो. एक टेक्निक्स आणि एक स्वस्तातला, ही तडजोड तर मुळीच करू नका. हाताला दोन वेगवेगळ्या सवयी लागतात आणि एकही पक्की होत नाही.

आणि महाग म्हणजे सगळ्याच बाबतीत सरस, असंही नाही. टॉर्क घ्या, म्हणजे प्लॅटर फिरवण्याचा मोटरचा जोर. एमके2 चा दीड किलोग्रॅम-सेंटीमीटर, एमके7 चा 1.8. पायोनियरचा पीएलएक्स-1000 किमतीनं एमके7 पेक्षा खाली, पण त्याचा 4.5. वजनालाही तो एमके7 पेक्षा भारी, तेरा किलोच्या आसपास. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी120 सारख्या आणखी स्वस्त डेकमध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भागसुद्धा आतच असतो, त्यामुळे डेक थेट साध्या अँप्लिफायरला जोडता येतो. एसएल-1200 मध्ये तो प्रीअँप नाही.

मग पारखायचं काय? पहिलं, वेग. प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या ओळी असतात आणि बाजूला छोटा लाल दिवा. सरकपट्टी शून्यावर ठेवली की मोठ्या ठिपक्यांची ओळ जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. पुढेमागे डुलत असेल तर पुढचा डेक बघा. हे डुलणं किती महागात पडतं त्याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका. दोन डेकच्या वेगात हजारात एक एवढाच फरक असला, तरी प्रत्येक ठोक्याला अर्धा मिलिसेकंद मागे पडतो. अर्ध्या मिनिटात तीस मिलिसेकंद. तेवढ्यात एका ठोक्याचे दोन ठोके ऐकू येऊ लागतात. स्थिर फरक असेल तर बोटानं रेकॉर्डला हलका धक्का देऊन सावरता येतो, खरं तर कला तीच. पण वेग स्वतःच झोके घेत असेल तर कितीही रियाज करा, उपयोग नाही.

दुसरं, आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा. त्याच्या टोकाच्या हेडशेलला दोन बोटांनी अगदी हलकं धरून बाजूला हलवा. खडखड जाणवली, बेअरिंग सैल वाटलं, तर सुई खोबणीतून उडणार हे नक्की. खरा स्वस्तपणा इथे लपलेला असतो, मोटरमध्ये कमी. तिसरं, सरकपट्टी शून्याजवळ अगदी सावकाश सरकवा. काही डेकवर मधोमध खटका असतो आणि त्याच्या आजूबाजूला वेग बदलतच नाही. हे दुखणं जुन्या एमके2 लाही होतं, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

वाचलेले पैसे मग चांगल्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या डबीत घाला, जमलं तर दोन डेकचे आवाज मिसळणाऱ्या बऱ्या मिक्सरमध्ये. आवाज सुईपासून सुरू होतो.

फ्लॅटमध्ये आणखी एक कटकट होते. स्पीकरचा खर्ज टेबलातून चढत सुईपर्यंत पोचतो, तिथून पुन्हा स्पीकरला जातो, आणि घुमायला लागतो. हलक्या डेकवर जास्तच. त्यावर महाग डेक हा उपाय नव्हे. शहाबादी फरशीचा तुकडा कापून घ्या, त्याखाली चार रबरी गट्टू, वर डेक, आणि स्पीकर दुसऱ्या टेबलावर. तरीही बारीक गुणगुण राहिली तर अर्थिंगची वायर मिक्सरच्या स्क्रूला नीट आवळली आहे का, ते बघा.

टेक्निक्स कुणी घ्यावा? ज्याला स्क्रॅचिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्ड हातानं मागेपुढे करून आवाज काढण्यात खोल उतरायचंय, किंवा जो पंधरा-वीस वर्षं हाच डेक वापरणार आहे. सुटे भाग मिळतात, दुरुस्त करणारे मिळतात, विकायला काढला तरी पैसे बुडत नाहीत. त्यासाठी जुना एमके2 शोधत असाल तर एक काळजी घ्या. जपानी बाजारपेठेसाठी बनलेला डेक 100 व्होल्टवर चालतो आणि आपल्या भिंतीत 230 आहेत. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका, आणि त्याला लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे पैसे घासाघीस करतानाच किमतीतून वजा करून घ्या.