खिशातला प्लेअर आणि कानातला इअरफोन: जोडी जुळवताना

नमस्कार मंडळी.

महागड्या म्युझिक प्लेअरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. हातात फोन आहे, मग हे आणखी एक डबडं कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्लेअरकडे बघून मिळत नाही, इअरफोनकडे बघून मिळतं. आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते मुख्यतः शेवटच्या टप्प्यासाठी, म्हणजे इअरफोनला ताकद पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरसाठी. तो टप्पा तुमच्या इअरफोनला जुळला तर पैसे वसूल. जुळला नाही, तर दुप्पट महाग प्लेअरही तेच रडगाणं गाईल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे काहींचा खर्च वाचेल. ब्लूटूथ हेडफोनवरच ऐकणार असाल तर असा प्लेअर घेऊ नका. ब्लूटूथवर गाणं आकड्यांच्या रूपातच हेडफोनपर्यंत जातं आणि तिथल्या छोट्या चिपमध्ये त्याचा आवाज होतो. प्लेअरमधला भारी डॅक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) आणि ॲम्प्लिफायर दोघंही त्या वेळी स्वस्थ बसलेले असतात. एलडॅक या ब्लूटूथवर गाणं दाबून पाठवण्याच्या सोनीच्या पद्धतीचा सर्वांत वरचा वेग सेकंदाला ९९० किलोबिट आहे. साध्या सीडीला १,४११ लागतात, ९६ किलोहर्ट्झ २४ बिटच्या, म्हणजे सेकंदाला ९६ हजार २४-बिटी नमुने असलेल्या फाइलला ४,६०८. स्क्रीनवर ‘हाय-रेस’ (सीडीपेक्षा वरचा दर्जा) लिहून आलं तरी मधे कात्री लागलेलीच असते.

आता वायरच्या इअरफोनकडे येऊ. त्याच्या खोक्यावर दोन आकडे असतात, इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा (ओहममध्ये), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठ्याने वाजतो. ते लिहून घ्या. सेन्सिटिव्हिटी कोणी ‘१ मिलिवॅटला इतके डेसिबल’ अशी देतं, कोणी ‘१ व्होल्टला इतके’ अशी. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली की फसगत झालीच. १६ ओहमच्या इअरफोनमध्ये या दोन मोजमापांत १८ डेसिबलचा फरक पडतो, ३०० ओहमला जेमतेम सव्वापाचचा.

एक उदाहरण आकडे घालून करू. एक हेडफोन ३०० ओहमचा, मिलिवॅटला ९७ डेसिबल देणारा. दुसरा प्लेनर (सपाट, पातळ पडद्याच्या) जातीचा, २० ओहमचा, मिलिवॅटला ८८ देणारा. गाण्यातला सर्वांत जोरकस क्षण ११० डेसिबलपर्यंत जाऊ द्यायचा आहे. हा क्षणिक उसळीचा आकडा आहे, सलग ऐकण्याचा नाही. पहिल्याला २० मिलिवॅट लागतात, म्हणजे सुमारे २.४५ व्होल्ट, पण करंट फक्त ८ मिलिअँपिअर. दुसऱ्याला १५८ मिलिवॅट लागतात. व्होल्टेज १.८ च्या आतच भागतं, पण करंट ८९ मिलिअँपिअर, जवळजवळ अकरापट. पहिल्याला दाब हवा, दुसऱ्याला धार हवी. फोनला लावायच्या छोट्या डॅकमधून बहुधा १ व्होल्टच्या आसपास मिळतो. त्यावर पहिला हेडफोन १०२ डेसिबलला थांबतो. आवाज येतो, पण तबल्याची थाप पडते तिथे तिला जागा उरत नाही.

म्हणून प्लेअरच्या माहितीपत्रकात ‘१,००० मिलिवॅट’ असं ठळक लिहिलेलं दिसलं की पुढचा बारीक मजकूर वाचा. किती ओहमला? कुठल्या जॅकमधून? ३२ ओहमला १ वॅट म्हणजे ५.६६ व्होल्ट. तेच व्होल्टेज ३०० ओहमवर १०७ मिलिवॅट देतं. आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्याच्या हेडफोनचा असतो.

माहितीपत्रकात सगळ्यात दुर्लक्षित राहणारा आकडा म्हणजे आउटपुट इम्पिडन्स, प्लेअरचा स्वतःचा आतला अडथळा. कानात खोल बसणाऱ्या, अनेक ड्रायव्हरच्या (आतल्या छोट्या स्पीकरच्या) इअरफोनसाठी माझ्या मते सगळ्यात आधी हाच बघावा. अशा इअरफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा खालच्या सुरांना तो ४० ओहम आहे आणि वरच्या एका पट्ट्यात ८ पर्यंत उतरतो. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल तर ४० ओहमच्या जागी आवाज २ डेसिबलने कमी होतो आणि ८ ओहमच्या जागी ७ डेसिबलने. म्हणजे नकळत ५ डेसिबलचा इक्वलायझर लागला. झांजेची चमक गेली आणि आपण म्हणतो, ‘या प्लेअरचा आवाज कसा उबदार आहे!’ तोच आउटपुट इम्पिडन्स १ ओहम असेल तर हा फरक ०.८ डेसिबलवर येतो. ढोबळ नियम असा की इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा प्लेअरचा आकडा कमी असावा. मोठ्या हेडफोनला याची फारशी चिंता नाही.

ताकदीची दुसरी बाजूही बघू. मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा १६ ओहमचा इअरफोन म्हणजे व्होल्टला १२८ डेसिबल. प्लेअरचा स्वतःचा नॉइज १० मायक्रोव्होल्ट असेल तर कानात २८ डेसिबलची ‘स्सस्स’ कायम राहते. शांत खोलीत तानपुरा सुरू व्हायच्या आधी ती स्पष्ट ऐकू येते. ३ मायक्रोव्होल्टच्या प्लेअरवर तीच साडेसतरावर उतरते आणि बहुतेकांना कळतही नाही. म्हणून भरपूर ताकदीचा प्लेअर अशा नाजूक, थोड्या ताकदीत मोठ्याने वाजणाऱ्या इअरफोनला लावायचा असेल तर गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर आवाज किती पट वाढवतो ती सेटिंग, ‘लो’वर ठेवा आणि आवाज पुरत नाही असं झालं तरच वर न्या. कायम ‘हाय’वर ठेवून व्हॉल्यूम १००पैकी ८वर ऐकणं हा उलटा कारभार आहे. तिथे एकेक पायरी मोठी पडते आणि चुकून बटण दाबलं गेलं की कानावर घाला बसतो.

बॅलन्स्ड जॅकबद्दल खूप विचारणा होते. साध्या ३.५ मिलिमीटरच्या पिनवर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची परतीची तार एकच असते. ४.४ किंवा २.५ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड पिनवर चारही तारा स्वतंत्र असतात आणि प्रत्येक बाजूला दोन ॲम्प्लिफायर उलटसुलट ओढत असतात. त्यामुळे व्होल्टेज दुपटीपर्यंत जातं. त्याबरोबर आउटपुट इम्पिडन्सही साधारण दुप्पट होतो आणि नॉइजही बहुधा थोडा वाढतो. म्हणजे जास्त ताकद लागणाऱ्या हेडफोनला फायदा, नाजूक इअरफोनला झाला तर तोटाच. दोन्हीकडे ऐकताना बॅलन्स्ड बाजू नुसती मोठ्याने वाजते म्हणून सरस वाटते, हेही ध्यानात ठेवा.

बॅलन्स्ड आणि साध्या पिनमध्ये ॲडॉप्टर लावून चालेल का, असा प्रश्न इथे येतोच. एका दिशेने चालतं, दुसऱ्या दिशेने प्लेअर जळू शकतो. बॅलन्स्ड पिनचा इअरफोन ३.५च्या जॅकमध्ये ॲडॉप्टरने लावायला हरकत नाही. पण प्लेअरच्या ४.४च्या जॅकला ॲडॉप्टर लावून त्यात ३.५ची साधी पिन कधीही घालू नका. त्या पिनवर दोन्ही परतीच्या तारा जोडलेल्या असतात. बॅलन्स्ड बाजूला त्या तारांवर जिवंत ॲम्प्लिफायर असतात, ते एकमेकांवर शॉर्ट होतात. असे ॲडॉप्टर सर्रास विकायला असतात, म्हणून हे आवर्जून सांगतो आहे.

डॅक चिपच्या नावांवर मी फार वेळ घालवणार नाही. आज चांगल्या प्लेअरमधल्या कुठल्याही नावाजलेल्या चिपची अचूकता कानाच्या कुवतीपलीकडे गेलेली आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये एकेएम या डॅक चिप बनवणाऱ्या कंपनीच्या जपानमधल्या नोबेओका इथल्या कारखान्याला आग लागली, चिपचा तुटवडा झाला आणि अनेक कंपन्यांना आपल्या प्लेअरमध्ये दुसऱ्या घरच्या चिप बसवाव्या लागल्या. चिपभोवतीचा वीजपुरवठा, आकड्यांचा ठेका धरणारं घड्याळ (क्लॉक) आणि ॲम्प्लिफायर नीट असतील तर काम चालतंच.

अँड्रॉइडच्या प्लेअरमध्ये मात्र एक गोष्ट तपासायला हवी. अँड्रॉइडची मूळ रीत अशी की सगळ्या ॲपचे आवाज एकत्र मिसळायचे आणि बहुधा ४८ किलोहर्ट्झला आणून पुढे पाठवायचे. सीडीची ४४.१ची फाइलही त्यात रूपांतरित होते. चांगले प्लेअर हा टप्पा वगळतात, पण काहींमध्ये ही सोय फक्त कंपनीच्या स्वतःच्या ॲपपुरती असते. तपासणी सोपी आहे. ४४.१ची फाइल लावा, मग ९६ची लावा, आणि स्टेटस पट्टीवरचा आकडा किंवा दिव्याचा रंग बदलतो का ते बघा. कुठल्याही फाइलला ४८च दिसत असेल तर रूपांतर चालू आहे. अँड्रॉइड १४पासून फोनमध्येही यूएसबी डॅकला आकडे जसेच्या तसे पाठवण्याची सोय आली आहे. फोन आणि चांगला छोटा डॅक ही जोडी बऱ्याच इअरफोनना पुरते, हे मान्य करायला हवं. अँड्रॉइड प्लेअरचं आणखी एक दुखणं म्हणजे अपडेट लवकर थांबतात आणि काही वर्षांनी स्ट्रीमिंगची ॲप चालेनाशी होतात. साध्या, बंदिस्त सिस्टिमचा प्लेअर कार्डावरची गाणी मात्र वाजवत राहतो.

कार्डाचा विषय निघालाच आहे. सीडीच्या दर्जाचं एक मिनिट म्हणजे साडेदहा एमबी, ९६/२४चं साडेचौतीस, डीएसडी ६४ या एक-बिटी हाय-रेस प्रकाराचं ४२. फ्लॅक या काहीही न गमावता दाबणाऱ्या फाइल प्रकारात सीडीचा एक तास साधारण ३८० एमबीमध्ये बसतो, म्हणजे १ टीबीच्या कार्डावर अडीच हजार तास. कार्ड नवं आलं की गाणी भरण्याआधी त्याची पूर्ण तपासणी करा. बनावट कार्डाचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो. तुम्ही फाइली भरत जाता, कुठेही चूक दिसत नाही, आणि खऱ्या क्षमतेच्या पलीकडचं सगळं हवेत जातं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून पडताळतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, लागू द्या.

कार्ड फॉरमॅट करताना एक्सफॅट ही फाइल-मांडणी निवडा, प्लेअर ते वाचत असेल तर. फॅट ३२ या जुन्या मांडणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, आणि डीएसडी २५६ची (डीएसडी ६४च्या चौपट) २५ मिनिटांची फाइल तिथे पोचते. मॅकवरून भरलेल्या कार्डावर ‘टिंब-अधोरेखा’ने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली तयार होतात. प्लेअर त्यांना गाणी समजतो आणि यादीत प्रत्येक गाणं दोनदा दिसतं, त्यातलं एक मुकं. त्या फाइली पुसा आणि लायब्ररी पुन्हा स्कॅन करा.

स्कॅन मधेच अडकतं तेव्हा दोष बहुतेक वेळा कव्हरच्या चित्रात निघतो. तीन-चार हजार पिक्सेलचं चित्र प्रत्येक फाइलमध्ये घातलेलं असेल तर प्लेअरची दमछाक होते. ६०० बाय ६०० चं साधं जेपेग पुरे. ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेग काही प्लेअरना दिसतच नाही, तिथे कव्हरच्या जागी काळा चौकोन येतो. अनेक गायकांच्या संग्रहात ‘अल्बम आर्टिस्ट’ हा टॅग (फाइलमधली माहितीची नोंद) भरला नाही तर एका अल्बमचे पंधरा तुकडे होतात. देवनागरी नावांसाठी फ्लॅक उत्तम, कारण त्याचे टॅग कायम यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतातच असतात. जुन्या एमपीथ्रीमध्ये नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर टॅग आयडीथ्री २.३ (एमपीथ्रीच्या टॅगची एक आवृत्ती) आणि यूटीएफ-१६ संकेतात करून पुन्हा जतन करा.

विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि त्यालाच लागून द्रुत पुढच्या ट्रॅकवर असेल, तर मधे तानपुरा तुटता कामा नये. यासाठी सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू ठेवा. तरी टक् असा खंड पडला तर फाइल एमपीथ्री आहे का ते बघा. एमपीथ्री करताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते आणि ती वगळण्याची खूण प्रत्येक प्लेअर वाचत नाही. फ्लॅकमध्ये ही अडचणच नाही.

दोन प्लेअरची तुलना करायची असेल तर आवाज आधी सारखा करा, आणि कानाने नको, मल्टीमीटरने. ६० हर्ट्झची सलग सुराची फाइल लावा, जॅकला एकाचे दोन करणारा स्प्लिटर लावा, एका फाट्यावर इअरफोन जोडलेला ठेवून दुसऱ्या फाट्यावर एसी व्होल्टेज मोजा. एकीकडे २०० मिलिव्होल्ट असेल तर दुसरीकडे दोन मिलिव्होल्टच्या आत आणा. तेव्हा फरक ०.१ डेसिबलपेक्षा कमी होतो. त्यानंतर जो फरक उरतो तो खरा. आणि कान जपा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आहे, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९०वर फक्त ४ तास उरतात.

राहता राहिली देखभाल. तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या अंगाचा सोनीचा २०१६चा एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड हा प्लेअर ४५५ ग्रॅमचा होता. असं वजन इअरफोनच्या तारेला लोंबकळलं की जॅकचे टाके सुटतात. एका बाजूचा आवाज जाऊन-येऊन होऊ लागला तर आधी दुसरा इअरफोन लावून बघा, मग जॅकमध्ये खिशातल्या धाग्यांचा बोळा अडकला आहे का ते तपासा. तो प्लेअर बंद करून लाकडी काडीने काढा, धातूच्या पिनेने नाही.

बॅटरी मात्र उष्णतेने मरते. मोठ्या ताकदीचे प्लेअर वाजतानाच तापतात, त्यात चार्जिंग आणि जाड कव्हर एकत्र आलं की ती लवकर उतरते. टेबलावर कायम लावून ठेवायचा असेल तर बॅटरीला वळसा घालून थेट चार्जरच्या विजेवर चालण्याची सोय असलेला प्लेअर घ्या. महिनोन्महिने कपाटात ठेवताना निम्म्या चार्जवर बंद करून ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा चार्ज घेत नाही. आणि पडद्याची कड किंचित उचललेली दिसली, मागची काच नखाला लागू लागली, तर बॅटरी फुगली आहे. दाबून बसवायला जाऊ नका, चार्जिंगला लावू नका. आधी कार्ड काढून घ्या आणि प्लेअर दुरुस्तीला द्या.