सेव्हन्थ स्ट्रीट, वेस्ट ओकलंड

(दृश्य: धावत्या बार्टच्या खिडकीतून बाहेर. बोगद्याचा काळोख, मग एकदम उजेड.)

फ्रीमॉन्टहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेली बार्ट, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीची लोकल, खाडीच्या अलीकडच्या ओकलंड शहरात लेक मेरिट स्टेशननंतर बोगद्यातून बाहेर येते, चढण चढते आणि काही मिनिटं घरांच्या छपरांना समांतर धावते. एका बाजूला ओकलंड बंदराच्या उंच पांढऱ्या क्रेन. दुसऱ्या बाजूला जुनी लाकडी घरं, त्यांच्यामध्ये नव्या काचेच्या इमारती, आणि अधूनमधून नुसतंच रान माजलेला रिकामा प्लॉट. स्टेशन येतं, वेस्ट ओकलंड. दारं उघडतात, दारं मिटतात. पुढे खाडीखालचा बोगदा, आणि त्याच्या पलीकडे ऑफिस.

या डब्यात मराठी बोलणं रोज कानावर पडतं. पण या स्टेशनवर उतरणारा मराठी माणूस विरळाच. मीही कित्येक वर्षं उतरलो नव्हतो. मग एका शनिवारी उतरलो.

(दृश्य: स्टेशनबाहेरचा फुटपाथ. फरशीत बसवलेल्या गायक-वादकांच्या नावांच्या पाट्या. वरून गाडी जाते.)

खाली उतरलं की पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. डोक्यावरच्या काँक्रीटवरून गाडी जाते तेव्हा समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. दोघं बोलता बोलता थांबतात, गाडी जाऊ देतात आणि तुटलेलं वाक्य पुढे सुरू करतात. ज्या रस्त्यावर हे चालतं तो रस्ता एके काळी गाण्यासाठी ओळखला जायचा. गाणाऱ्यांची नावं आता फुटपाथवर आहेत. प्लॅटफॉर्म गाठायची घाई असलेली माणसं त्यांच्यावरून जातात.

पुढे कृष्णवर्णीयांची म्हणून ओळखली गेलेली ही वस्ती मुळात त्यांची नव्हती. इथं आयरिश होते, पोर्तुगीज होते, इटालियन आणि मेक्सिकन होते. सगळं बदललं ते रेल्वेमुळं. 1869 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका आडवी ओलांडून येणारी पहिली गाडी ओकलंडला पोचली. रूळ इथं संपत. सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे इथून पुढे फेरीबोटीनं जात. आणि लांबच्या गाड्या म्हटल्या की पुलमन कंपनीचे झोपायचे डबे आले, आणि त्या डब्यांबरोबर पोर्टर.

पोर्टर म्हणजे हमाल नव्हे. बिछाने घालायचे, सकाळी ते गुंडाळायचे, रात्री साहेबांचे बूट पॉलिश करून ठेवायचे, रडणारं मूल सांभाळायचं, आणि हे सगळं हसतमुखानं, कारण पगार तुटपुंजा आणि घर चालायचं टिपवर. महिन्याला 400 तास किंवा 11,000 मैल भरल्याशिवाय पूर्ण पगार नाही. पुलमननं या कामाला ठरवून काळी माणसं घेतली. कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावानं ओळखायची जुनी रीत रुळांवरही चालू राहिली.

पण हाच जॉर्ज आपल्या गल्लीत परतला की मानाचा माणूस असे. देश बघितलेला, वर्तमानपत्र वाचणारा, चार शहरांच्या बातम्या घेऊन येणारा. स्टेशनजवळ राहणं सोयीचं, म्हणून पोर्टरांची घरं सेव्हन्थ स्ट्रीटच्या आजूबाजूला झाली. त्यांच्यातलेच एक सी. एल. डेलम्स. 1923 मध्ये टेक्सासहून आले, पोर्टर झाले, युनियनचं काम केलं म्हणून कामावरून गेले, आणि मग बिलियर्डचा हॉल चालवता चालवता पश्चिम किनाऱ्यावरची युनियन उभी केली. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी 1925 मध्ये सुरू केलेल्या या युनियनशी पुलमन कंपनीनं करार करायला 1937 साल उजाडलं. बारा वर्षं! आज ओकलंडच्या रेल्वे स्टेशनला डेलम्स यांचं नाव आहे आणि बाहेर त्यांचा पुतळा. त्यांचे पुतणे रॉन डेलम्स पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेले आणि नंतर शहराचे महापौरही झाले.

(दृश्य: 1940 च्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं. गोदी, पाळी सुटल्यावरची गर्दी.)

मग दुसरं महायुद्ध आलं. गोद्यांमध्ये जहाजं बांधायला माणसं कमी पडू लागली. लुईझियाना, टेक्सास, आर्कान्सामधून कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. 1940 मध्ये ओकलंडमध्ये साधारण साडेआठ हजार कृष्णवर्णीय होते, 1950 मध्ये 47,000 च्या वर. राहायला जागा कुठली? एकेका खाटेवर पाळीपाळीनं माणसं झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा आडवा. गिरणगावातल्या खानावळींच्या खोल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि पाळ्या चोवीस तास, म्हणून सेव्हन्थ स्ट्रीटही चोवीस तास जागा. दारूबंदी उठली त्याच वर्षी, 1933 मध्ये, स्लिम जेंकिन्स यांनी इथं आपला क्लब उघडला होता. तिथं जायचं तर कपडे नीट हवेत, असा त्याचा थाट. बॉब गेडिन्स छोट्याशा जागेत ब्लूज ध्वनिमुद्रित करून स्वतःच तबकड्या काढायचे. न्हाव्याची दुकानं, शिंपी, दवाखाने, जेवणाच्या जागा, सगळं आपल्याच माणसांचं.

हे ऐकताना डोळ्यांसमोर एक रम्य चित्र उभं राहतं, म्हणून इथं जरा थांबतो. ही माणसं इथंच का राहिली? पैसे आल्यावर टेकडीवर, मोकळ्या हवेत का गेली नाहीत? उत्तर एका नकाशात आहे. 1937 मध्ये केंद्र सरकारच्या गृहकर्ज महामंडळानं ओकलंडचे भाग रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे कर्ज बुडणार. वेस्ट ओकलंड लाल. टेकड्यांवरच्या घरांच्या खरेदीखतांत तर गोऱ्यांशिवाय कुणाला विकायचं नाही अशा अटी होत्या. म्हणजे बाहेर घर मिळत नाही, आणि आहे त्या घराच्या डागडुजीला बँक पैसे देत नाही. छप्पर गळत राहतं. 1949 मध्ये शहराच्या नियोजन मंडळानं पाहणी केली आणि सगळा भाग मोडकळीला आलेला म्हणून जाहीर केला. आधी औषध बंद करायचं आणि मग रोगी दगावणार म्हणून दाखला द्यायचा.

दाखला मिळाल्यावर काय काय झालं ते भराभर सांगतो. 1957 मध्ये वस्तीच्या मधोमध सायप्रस फ्रीवे उभा राहिला, दुमजली, काँक्रीटचा. उपनगरातल्या गाड्या वरून, वस्ती खाली, दोन तुकड्यांत. मग पुनर्विकासाच्या नावाखाली चौकच्या चौक रिकामे झाले. मग बार्ट. जमिनीखालून नेली असती तर खर्च वाढला असता. ती सेव्हन्थ स्ट्रीटच्या डोक्यावरून नेली.

आणि या सगळ्यात टपाल खात्याची नवी इमारत. तिच्यासाठी शेकडो घरं पाडायची होती. 1960 मध्ये कंत्राटदारानं त्यासाठी काय आणलं? रणगाडा. महायुद्धातून उरलेला शर्मन रणगाडा. ज्या माणसांनी त्याच युद्धासाठी जहाजं बांधली, त्यांच्या गल्लीत तो शिरला. लाकडी घराच्या कोपऱ्यावर आदळायचा, घर कलायचं, की पुढचं घर. जमीन तेव्हाच रिकामी झाली, टपाल केंद्र मात्र चालू झालं 1969 मध्ये.

(दृश्य: पेराल्टा स्ट्रीट. मग चर्चच्या तळघरातली लांब टेबलं, जुनं छायाचित्र.)

ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील, दोघांचीही कुटुंबं युद्धाच्या काळात दक्षिणेतून इथं आलेली. 1966 च्या ऑक्टोबरमध्ये दोघांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष काढला. काळ्या बिबळ्याचं चिन्ह मूळचं अलाबामातल्या लाउंड्स परगण्याचं, पण ते जगभर गेलं ओकलंडहून. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी 'दलित पँथर' उभी केली तेव्हा नाव इथूनच घेतलं, आणि जाहीरनाम्यात तसं लिहिलंही. आपल्याकडं अजूनही एखाद्या कार्यकर्त्याबद्दल 'जुना पँथर आहे तो' असं आदरानं म्हणतात. हा शब्द मराठीत कुठल्या रस्त्यांवरून आला ते बघायचं, म्हणून खरं तर मी त्या शनिवारी उतरलो होतो.

पँथर म्हटलं की चामड्याचं जाकीट आणि बंदूक आठवते. वस्तीतल्या लोकांना नाश्ता आठवतो. 1969 च्या जानेवारीत सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळेआधी मुलांना जेवू घालायला सुरुवात झाली. अंडी, टोस्ट, दूध आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या, दक्षिणेतल्या आज्यांच्या हातच्या. एफबीआयच्या प्रमुखाला बंदुकांइतकीच या नाश्त्याचीही धास्ती वाटली. शाळेतला नाश्ता ही केंद्र सरकारची कायमची योजना झाली 1975 मध्ये.

1989 च्या ऑगस्टमध्ये न्यूटन यांना याच वस्तीत गोळ्या घालण्यात आल्या. दोन महिन्यांनी, 17 ऑक्टोबरला, संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी जमीन हादरली. सायप्रस फ्रीवेचा वरचा मजला खालच्यावर बसला. 42 माणसं गेली. अग्निशमन दल पोचायच्या आधी शिड्या, दोर, हाताला लागेल ते घेऊन धावले ते खालचे रहिवासी. तीस वर्षं ज्या रस्त्यानं त्यांचा उजेड अडवला होता, त्यावर अडकलेल्या परक्यांना त्यांनी उतरवून घेतलं.

नंतर मात्र त्यांनी ठणकावून सांगितलं, फ्रीवे पुन्हा इथं नको. आणि जिंकले. तो वस्तीला वळसा घालून रेल्वे यार्डाच्या बाजूनं गेला. जुन्या जागी आज झाडं आहेत, चालायची वाट आहे. नाव, मंडेला पार्कवे.

(दृश्य: मंडेला पार्कवे. न्यूटन यांचा अर्धपुतळा. मागं नवी इमारत, 'भाड्यानं देणे आहे' असा फलक.)

फ्रीवे हटला, ऊन आलं, आणि भाव चढले. इथून सॅन फ्रान्सिस्को एक स्टेशन, सात-आठ मिनिटं. 2008 च्या आसपास गृहकर्जांचा फुगा फुटला तेव्हा जप्त झालेली घरं गुंतवणूकदारांनी घाऊक उचलली. त्यामागून आमच्यासारखे संगणकवाले आले, चढं भाडं देणारे. मी वेस्ट ओकलंडमध्ये घर घेतलं नाही, पण खाडीभोवती भाडी वाढली त्यात माझाही पगार आहेच. 1980 मध्ये ओकलंडचे 47 टक्के रहिवासी कृष्णवर्णीय होते. 2000 ते 2010 या दहा वर्षांत त्यांच्यातली तीसेक हजार माणसं कमी झाली. 2020 पर्यंत पाचात एक उरला. गेलेले दूरच्या स्टॉकटनला आहेत, अँटिओकला आहेत, आणि काही फ्रीवेच्या पुलांखाली तंबूत.

2019 च्या नोव्हेंबरमध्ये बेघर झालेल्या काही कृष्णवर्णीय आया आपली मुलं घेऊन मॅग्नोलिया स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या घरात शिरल्या. घर एका गुंतवणूक कंपनीचं, कुलूपबंद. जानेवारीत पहाटे शेरीफची माणसं त्यांना बाहेर काढायला आली, रायफली घेऊन, चिलखती गाडीसह. त्या रणगाड्याला साठ वर्षं होत होती. या वेळी मात्र गल्ली जमली, कॅमेरे जमले, आणि शेवटी ते घर कंपनीकडून स्थानिक सामुदायिक जमीन न्यासानं, म्हणजे लोकांसाठी जागा राखणाऱ्या ना-नफा संस्थेनं घेतलं.

न्यूटन मारले गेले त्या रस्त्याच्या एका भागाला आता त्यांचं नाव आहे. 2021 मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसला, आणि जवळच एका घराच्या भिंतीवर पँथरमधल्या स्त्रियांचं भव्य चित्र आलं. पर्यटक फोटो काढतात. मीही काढला. घरांच्या जाहिरातीत 'समृद्ध सांस्कृतिक वारसा' असं छापायला या चित्रांची मोठी सोय होते, हे त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर मनातून जात नाही.

(दृश्य: सेव्हन्थ स्ट्रीट. एस्थर्स ऑर्बिट रूमची जुनी दर्शनी बाजू.)

स्टेशनकडं परतताना एस्थर्स ऑर्बिट रूम लागते. एस्थर मेब्री यांनी चालवलेला हा बार सेव्हन्थ स्ट्रीटच्या त्या जमान्यातला शेवटपर्यंत तगलेला. टपाल केंद्र आलं, बार्ट आली, शेजारचे एकेक करून मिटले, हा चालूच होता. 2010 मध्ये एस्थरबाई गेल्या, मग बारही बंद पडला. 2021 मध्ये एका स्थानिक सहकारी संस्थेनं ही इमारत विकत घेतली. संस्था अशी की थोडे थोडे पैसे घालून कुणीही सभासद व्हावं, आणि घेतलेली जागा पुन्हा बाजारात चढ्या भावानं विकायची नाही. खाली पुन्हा गाणं-बजावणं आणि वर कलाकारांना राहायला खोल्या, असा बेत.

मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून दार बघत होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी बोट दाखवून स्टेज कुठं होतं ते सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात वरून गाडी आली. ते थांबले. गाडी गेली, आणि त्यांनी वाक्य पुढे चालू केलं.