कोणते हळू?

श्रोतेहो, नमस्कार. सहावी ते आठवीच्या मुलांना लय आणि आवाजाचा लहानमोठेपणा या दोन गोष्टी कशा शिकवाव्यात, याविषयी आज मी बोलणार आहे. माझ्या नोकरीची बरीचशी वर्षे याच वयाच्या मुलांसमोर पेटी पुढ्यात घेऊन बसण्यात गेली. पण या विषयातली खरी अडचण मला कोणत्या पुस्तकाने नव्हे, तर वर्गातल्या एका प्रश्नाने दाखवून दिली. तपासणीला कोणी साहेब येणार होते, म्हणून मी सहावीकडून प्रार्थना बसवून घेत होते. मुले नेहमीप्रमाणे बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मी पेटी थांबवून म्हटले, "जरा हळू म्हणा." पुन्हा सुरुवात झाली आणि दुसऱ्याच ओळीत वर्ग फुटला. खिडकीकडच्या रांगा रेंगाळू लागल्या, दाराकडच्या रांगा पुटपुटू लागल्या, आणि कडवे संपेपर्यंत दोन्हींमध्ये अर्ध्या ओळीचे अंतर पडले. मी रागावणार, एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, हळू म्हणजे कसं? सावकाश का बारीक?"

चूक माझ्या शब्दात होती. आपण "हळू चाल" म्हणतो तेव्हा वेग कमी करायला सांगतो, आणि "हळू बोल" म्हणतो तेव्हा आवाज. "जोरात पळ" यातला जोर पायांचा आहे, "जोरात ओरड" यातला घशाचा. एवढ्यावर भागत नाही, कारण "आवाज चढवू नकोस" असे घरात कोणी म्हटले तर त्याचा अर्थ ओरडू नकोस असा असतो, आणि गाण्याच्या वर्गात चढणे म्हणजे वरच्या सुरावर जाणे. रोजच्या बोलण्यात या शब्दांनी काही बिघडत नाही, कारण प्रसंग अर्थ सांगतो. वर्गात मात्र चाळीस मुले एका शब्दाचे दोन-तीन अर्थ लावतात आणि शिक्षकाला वाटते की मुलांना ताल नाही. मुलांना ताल असतो. "मोठ्याने गा" म्हटल्यावर ती जलद गातात आणि वरच्या पट्टीत सरकतात. "लहान आवाजात" म्हटल्यावर रेंगाळतात आणि सुराखाली घसरतात. माझ्या मते माध्यमिक वयातल्या लयशिक्षणाचे निम्मे काम या गाठी सोडवण्याचे आहे, आणि ते मात्रा, म्हणजे तालाचे एकेक ठोके, मोजायला शिकवण्याच्या आधीचे आहे.

आपल्या संगीतशास्त्राने ही वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. नादाचे तीन गुण विद्यार्थ्याला गाण्याच्या पहिल्या परीक्षेसाठी पाठ करावे लागतात: नादाचा लहानमोठेपणा, नादाची उंची आणि नादाची जाती, म्हणजे तोच सूर बासरीचा की सतारीचा हे ज्यामुळे ओळखू येते ते. लय या तिन्हींच्या बाहेर, काळाच्या खात्यात आहे. विज्ञानाच्या तासाला ध्वनीचा धडा शिकताना मुले हेच दुसऱ्या शब्दांत शिकतात, की कंपनाचा आयाम वाढला की आवाज मोठा होतो आणि वारंवारता वाढली की सूर उंच होतो. पण पाठ करणे वेगळे आणि गळ्याला कळणे वेगळे. त्याच मुलाला व्याख्या विचारली तर तो घडाघडा सांगतो आणि दोन मिनिटांनी गायला लावले की मोठ्या आवाजाबरोबर धावत सुटतो.

यात मुलांचा दोष तरी काय? त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेले बहुतेक सामूहिक संगीत असेच वागते. आरतीच्या शेवटच्या कडव्याला टाळ्या जलद होतात आणि आवाजही चढतो. भजनात गजर रंगू लागला की पखवाज, टाळ आणि गळे हे सगळे एकदमच लय आणि आवाज दोन्ही वाढवतात, आणि त्यातच त्याची मजा आहे. उलट अंगाई सावकाशही असते आणि हलकीही. म्हणजे मोठे ते जलद आणि लहान ते संथ ही जोडी त्यांनी चुकून नव्हे, तर नीट ऐकून उचललेली असते. म्हणून मी ती मोडीत काढत नाही. तिच्याशेजारी दुसरी जोडी ठेवते. गल्लीतून जाणाऱ्या फेरीवाल्याची हाळी आठवा, असे मी सांगते. शेवटचे अक्षर लांबच लांब ओढलेले, आवाज खणखणीत आणि घाई मुळीच नाही. मग तोंडी परीक्षेच्या आधी व्हरांड्यात उभे राहून पुटपुटलेले सतराचे पाढे आठवा: ओठ झरझर हलताहेत, आवाज शेजारच्यालाही ऐकू येऊ नये इतका लहान. मुले हसतात, दोन्हींच्या नकला करतात, आणि मोठे पण सावकाश, लहान पण जलद हे आपल्याला येते, असे त्यांच्या लक्षात येते.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात "हळू" आणि "जोरात" हे दोन शब्द बंद झाले. लयीसाठी सावकाश आणि जलद, आवाजासाठी लहान आणि मोठा, सुरासाठी खाली आणि वर. चुकून जुना शब्द कोणाच्या तोंडून गेला की वर्ग एका सुरात हरकत घेत असे, आणि बहुतेक वेळा तो माझ्याच तोंडून जात असे. पुढे आठवीतल्या मुलांना मी सावकाश, मधल्या आणि जलद लयीसाठी विलंबित, मध्य आणि द्रुत हे शब्द दिले. पाश्चात्त्य लिपीत ही वाटणी कागदावरच दिसते: वाद्यसंगीताच्या ओळीवर वेगाचा शब्द वरच्या बाजूला लिहितात आणि आवाजाची पियानो म्हणजे लहान, फोर्टे म्हणजे मोठा, ही चिन्हे खालच्या बाजूला. पियानो या वाद्याचे मूळ लांबलचक नावच मुळी लहान आणि मोठ्या आवाजावरून पडलेले आहे, कारण बोटाच्या आघातानुसार आवाज कमीजास्त करण्याची सोय हे त्याचे नवेपण होते.

आपल्या शाळांत पियानो नसतो, पेटी असते, आणि या कामाला पेटी अधिक सोयीची आहे, असे मी म्हणेन. पेटीत पट्ट्या एका हाताकडे असतात आणि भाता दुसऱ्या हाताकडे. पट्टी केव्हा दाबायची हे लय ठरवते. सूर किती मोठा वाजायचा हे मुख्यतः भात्याने दिलेल्या हवेच्या दाबावर ठरते. म्हणून मी दोन मुलांना एका पेटीवर बसवते. एकाने फक्त सा रे ग म या चार पट्ट्या क्रमाने, संथ आणि एकसारख्या लयीत दाबायच्या. दुसऱ्याने मागे बसून फक्त भाता मारायचा. वर्गातला तिसरा मुलगा हात वरखाली करून भातेवाल्याला खूण देतो: हात वर गेला की आवाज मोठा, खाली आला की लहान. पहिल्या खेपेला काय होते ते पाहण्यासारखे असते. भातेवाल्याने जोर वाढवला रे वाढवला की पट्टीवाल्याची बोटे आपोआप पळू लागतात. त्याच्या हाताला कोणी हात लावलेला नसतो, तरीही. मग दोघेही थांबून एकमेकांकडे पाहतात. "तू कशाला पळतोस?" "मग तू कशाला दामटतोस?" हे भांडण मी मुद्दाम थोडे चालू देते. आवाज वाढला तरी बोटांनी जागा सोडायची नाही, हे मी दहा वेळा सांगून जे साधत नाही ते या भांडणात साधते. भात्याची एक खोड त्यांना आपोआप कळते: आत साठलेल्या हवेमुळे आवाज लगेच कमी होत नाही, म्हणून लहान करायचा तर थोडे आधीपासून आवरते घ्यावे लागते. गाणाऱ्याच्या श्वासाचेही असेच आहे.

लय पायांत उतरल्याशिवाय हातांत येत नाही. म्हणून पहिले काही तास बाक सोडून पटांगणात चालण्यात घालवावेत. ढोलकीच्या एकेका थापेवर एकेक पाऊल. थाप लहान झाली तरी पाऊल तेवढेच. आणि मग ढोलकी अचानक थांबवायची, मुलांनी मनात मोजत आठ पावले चालायचे आणि नवव्याला ढोलकी पुन्हा लागली की सगळ्यांचे पाऊल एकदम पडले पाहिजे. हे साधायला मला एका वर्गाबरोबर तीन आठवडे लागले, दुसऱ्याबरोबर दोन तास. का, ते सांगता येत नाही.

पाय बसले की त्रितालाकडे वळावे. सोळा मात्रा, चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवायचा. बहुतेक ठिकाणी हे हातावर पाठ करून घेतात आणि तिथेच थांबतात. मला वाटते, लहानमोठेपणाचा सगळ्यात सुंदर धडा याच्या ठेक्यात, म्हणजे तबल्यावरच्या ठरलेल्या बोलांतच आहे आणि आपण तो मुलांना दाखवत नाही. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. यातल्या धा आणि धिं या बोलांत डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा, घुमारा असतो. तिं आणि ता नुसत्या तबल्याचे बोल आहेत. हात खाली दाखवतो नवव्या मात्रेवर, पण डग्गा प्रत्यक्षात गप्प होतो दहाव्या मात्रेपासून आणि तेराव्यापर्यंत गप्पच राहतो. चौदाव्या मात्रेला तो परत येतो आणि सम, म्हणजे पुढच्या फेरीची पहिली मात्रा, जवळ आली, अशी वर्दी देतो. म्हणजे आवर्तनाच्या, त्या सोळा मात्रांच्या एका फेरीच्या, पोटातच वजन कमी होते आणि पुन्हा भरते, आणि मात्रेची लांबी मात्र केसभरही बदलत नाही. तबल्याच्या साथीला येणाऱ्या गुरुजींना मी विनंती केली आणि डग्गा लाकडी बाकावर ठेवला. मुलांनी बाकावर तळवे टेकले, डोळे मिटले आणि मात्रा न मोजता, नुसत्या तळहाताला लागणाऱ्या कंपावरून सम ओळखली. एका मुलाने डोळे न उघडताच सांगितले, "बाई, मध्ये बाक झोपतो."

लोलकाचा उपयोगही असाच करता येतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. सुताला बांधलेला दगड आणि खुंटी पुरे. खुंटीपासून दगडाच्या मध्यापर्यंत सूत 25 सेंटिमीटर ठेवले तर एक पूर्ण झोका जवळजवळ 1 सेकंदाचा होतो, म्हणजे मिनिटाला 60 मात्रांची लय फुकट मिळते. झोका लहान होत जातो, पण त्याला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. मुलांनी झोक्याकडे पाहून गायचे, झोका मोठा असताना मोठा आवाज, मरत चालला की लहान, आणि लय दगडाच्या स्वाधीन. आवाज उतरवताना रेंगाळणाऱ्या वर्गासाठी याहून चांगला गुरू मला सापडलेला नाही. लय दुप्पट हवी असेल तर सूत निम्मे करून चालत नाही, पाव करावे लागते. हे का, ते विज्ञानाच्या शिक्षकांनी पुढच्या तासाला सांगावे.

लिहून ठेवण्याची मात्र अडचण आहे. आपल्याकडे गाणे लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीच्या लिपीत समेला फुली, खालीला शून्य अशा खुणा आहेत, पण आवाजाच्या लहानमोठेपणाला रोजच्या वापरातली खूण नाही. आम्ही मोठ्या आवाजासाठी स्वरावर टिंब देऊन पाहिले, तर ते तार सप्तकाचे, म्हणजे वरच्या सुरांचे, चिन्ह झाले. खाली रेघ मारली, तर स्वर कोमल, म्हणजे थोडा उतरलेला, झाला. शेवटी लाल खडूने काम भागवले.

आठवीतल्या मुलग्यांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. साधारण बारा ते चौदा या वयात त्यांचे स्वरयंत्र वाढते, स्वररज्जू लांब होतात आणि आवाज फुटतो. पूर्वी जिथे सूर सहज लागत असे तिथे तो मध्येच चिरकतो, वर्ग हसतो आणि मुलगा त्या दिवसापासून गाणे सोडतो. अशा मुलाला मोठ्याने गायला लावणे योग्य नव्हे. त्याला भाता द्यावा, टाळ द्यावेत, आवर्तने मोजायला बसवावे. लय राखण्याचे काम त्याच्याकडे गेले की तो वर्गातून बाहेर पडत नाही, आणि आवाज स्थिरावला की गाण्याकडे परत येतो.

रोजच्या परिपाठातही लयीची तपासणी करता येते. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला सुमारे 52 सेकंद लागतात, हे शासनाने ठरवून दिलेले आहे. मी आठवीतल्या एका मुलीला घड्याळ घेऊन मनातल्या मनात वेळ मोजायला सांगितली, आणि सावधान न मोडता तिने ती मोजली. काही सेकंद कमी भरली. कुठे हरवली, ते शोधायला वेळ लागला नाही: शेवटच्या "जय जय जय जय हे"ला आवाज मोठा होतो आणि शाळा त्याच्याबरोबर धावते. मग आम्ही वर्गात, उभे राहूनच, तेवढीच ओळ मोठ्या आवाजात पण जागेवर म्हणण्याचा सराव केला. राष्ट्रगीतात आवाजाचे इतर प्रयोग करू नयेत, एवढे पथ्य पाळावे.

त्या सहावीचा वर्ग आठवीत गेल्यानंतरची गोष्ट. पावसाळ्यातली सकाळ होती, परिपाठ व्हरांड्यात दाटीवाटीने चालला होता आणि शेजारच्या खोलीत परीक्षा सुरू होती. नव्याने आलेले एक सर पुढे झाले आणि हात दाखवत म्हणाले, "मुलांनो, प्रार्थना जरा हळू म्हणा." क्षणभर कोणीच सुरुवात केली नाही. मग आठवीच्या रांगेतून पाच-सहा जणांनी एकदमच विचारले, "सर, कोणतं हळू?"